ऑस्ट्रियाची सहल: उन्हाळ्यातील संगीत, हिवाळ्यातील स्कीइंग आणि बारमाही व्हिएन्ना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच सहलीत संगीत महोत्सव आणि स्कीइंग दोन्ही साधता येईल का?

नाही. हे उत्तर सर्वांत आधी देण्याचे कारण असे की, चौकशी करणाऱ्या बहुतेकांच्या मनात नेमका हाच बेत असतो. साल्झबुर्ग आणि ब्रेगेंझ येथील मोठे महोत्सव जुलैच्या मध्यानंतर सुरू होऊन ऑगस्टअखेरपर्यंत संपतात, तर स्कीचा खरा हंगाम डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो. टिरोल प्रांतातील हिन्टरटुक्स हिमनदीवर वर्षभर स्कीइंग चालू असते, हे खरे आहे. पण भर उन्हाळ्यात तिथे जाणारे बहुतेक जण सरावासाठी आलेले खेळाडू असतात, आणि आयुष्यात प्रथमच पायांत स्की बांधणाऱ्या माणसाचे तिथे काही काम नाही. तेव्हा एका खेपेला एकच हेतू ठरवावा. बारा दिवसांत आठ-नऊ देश उरकणाऱ्या आपल्याकडच्या गट-सहलींत ऑस्ट्रियाच्या वाट्याला बहुधा इन्सब्रुकच्या सोनेरी छपरासमोर छायाचित्र काढण्याइतकाच वेळ येतो. त्याऐवजी हा एकच देश दोन वेगवेगळ्या ऋतूंत पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व उत्तरे हे मत गृहीत धरूनच दिली आहेत.

दोन सहली म्हणजे व्हिसाची कटकट दोनदा नाही का?

पूर्वी ती होती, आता बरीच कमी झाली आहे. एप्रिल 2024 पासून भारतीय नागरिकांसाठी असा नियम आहे की, मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा (ऑस्ट्रियासह युरोपातील अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) मिळवून ते नियमानुसार वापरलेल्या व्यक्तीला दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचाही. मुक्काम मात्र कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा अधिक असता कामा नये. प्रौढांसाठीचे शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. उन्हाळ्यातील प्रवासासाठी मुंबईतील भेटीच्या वेळा लवकर भरत असल्याने शेवटच्या महिन्यावर विसंबू नये. ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. केवळ व्हिसा लवकर मिळेल म्हणून दुसऱ्याच देशाचे आरक्षण दाखवणे ही फसवणूक ठरते.

साल्झबुर्ग महोत्सवाचे एवढे नाव का आहे?

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचे साम्राज्य कोसळले आणि एका विशाल राज्याचा छोटासा देश उरला. अशा काळात नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट, नाटककार हुगो फॉन होफमान्स्टाल आणि संगीतकार रिशार्ट श्ट्राउस यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह हा महोत्सव उभा केला. 22 ऑगस्ट 1920 रोजी साल्झबुर्गच्या मुख्य चर्चसमोरील चौकात होफमान्स्टाल यांच्या ‘येडरमान’ या नाटकाचा प्रयोग झाला आणि तोच महोत्सवाचा जन्मदिवस मानला जातो. नाझींच्या काळात हे नाटक बंद पडले, परंतु नंतर पुन्हा सुरू झाले, आणि आजही ते त्याच चौकात, चर्चच्या दर्शनी भिंतीला पाठीशी घेऊन होते. नाटकातील श्रीमंत माणसाला मृत्यूचे बोलावणे येते तेव्हा त्याच्या नावाची हाक रंगमंचावरून नव्हे, तर आसपासच्या चर्चच्या मनोऱ्यांवरून आणि थेट टेकडीवरच्या किल्ल्यावरून येते. तिकीट नसलेला, बाजूच्या गल्लीतून आइसक्रीम खात जाणारा माणूसही ती लांबलचक ‘येऽऽडरमान’ ऐकून क्षणभर थबकतो.

ऑपेरा आणि वाद्यवृंदाच्या मैफली मुख्यतः तीन सभागृहांत होतात. त्यांतील ‘फेल्झेनराइटशूले’ अवश्य पाहावे. सतराव्या शतकाच्या अखेरीस मोन्शबेर्ग टेकडीचा कातळ कोरून तीन मजल्यांची 96 कमानींची गॅलरी तयार करण्यात आली, आणि तिथे बसून लोक खाली चाललेले घोडेस्वारीचे खेळ पाहत असत. आज गायक त्याच कमानींसमोर उभे राहून गातात. वेरूळ पाहिलेल्या माणसाला कोरलेल्या कातळाचे अप्रूप वाटणार नाही, असे मला जाण्यापूर्वी वाटत असे. पण कातळावरून परतून येणारा मानवी आवाज ही निराळीच गोष्ट आहे.

तिकिटे मिळतात का, आणि ती परवडतात का?

मिळतात, पण आधीपासून तयारी हवी. कार्यक्रम आदल्या हिवाळ्यातच जाहीर होतो, त्यानंतर मागण्या नोंदवल्या जातात आणि उरलेली तिकिटे वसंत ऋतूत थेट विक्रीला येतात. लोकप्रिय ऑपेराच्या पुढच्या रांगा 400 युरोंच्याही वर जातात. तथापि, त्याच महोत्सवातील सकाळच्या मैफली, लहान वाद्यवृंद किंवा गायन-पियानोचे कार्यक्रम यांची मागच्या रांगेतील तिकिटे पुष्कळ स्वस्त असतात आणि संगीताच्या दृष्टीने त्यांत काहीही कमी नसते. ज्यांना तेही नको असेल, त्यांच्यासाठी कापिटेलप्लाट्स या चौकात मोठ्या पडद्यावर महोत्सवातील ऑपेरा मोफत दाखवले जातात. वर किल्ला उजळलेला, खाली खुर्च्यांवर गावकरी आणि पर्यटक एकत्र बसलेले, अशी ती संध्याकाळ असते. व्हिएन्नातही जुलै-ऑगस्टमध्ये नगरभवनासमोर असाच मोफत पडदा लागतो.

एक खुलासा येथेच केलेला बरा. व्हिएन्नाचे राज्य ऑपेरागृह जुलै-ऑगस्टमध्ये बंद असते. त्या दिवसांत रस्त्यावर पांढरे टोप आणि जरीचे अंगरखे घालून तिकिटे विकणारे तरुण दिसतात. ते विकतात ती पर्यटकांसाठी बेतलेल्या मैफलींची तिकिटे असतात. त्या मैफली वाईटच असतात असे नाही, पण त्यांचा ऑपेरागृहाशी संबंध आहे असे समजू नये.

ऑपेरागृहातील उभ्याची तिकिटे म्हणजे काय?

सप्टेंबर ते जून या काळात व्हिएन्नात जाणाऱ्याने हा अनुभव चुकवू नये. 25 मे 1869 रोजी मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ने उघडलेल्या या सभागृहात शेकडो जागा उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी राखीव आहेत. ही तिकिटे प्रयोगाच्या दिवशी विकली जातात आणि आसनाच्या तुलनेत फारच स्वस्त असतात. आत शिरल्यावर प्रत्येक जण पुढच्या कठड्याला आपला रुमाल किंवा स्कार्फ बांधतो, आणि मग जागा धरल्याच्या निश्चिंतीने कॉफी प्यायला बाहेर जातो. ती गाठ कोणी सोडत नाही. माझ्या पत्नीने ओढणी बांधली तेव्हा शेजारच्या वृद्ध बाईंनी ती नीट निरखली, दोन्ही टोके ओढून गाठ घट्ट केली आणि मान डोलावली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या माणसांना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की, तिथे रुमालावरून भांडण होत नाही.

ऑपेराची भाषा कळत नसेल तर?

राज्य ऑपेरागृहात प्रत्येक जागेसमोर लहान पडदा असतो आणि त्यावर इंग्रजीसह अनेक भाषांत संवाद दिसतात. साल्झबुर्गलाही रंगमंचावर इंग्रजी मजकूर झळकतो. कथानक मात्र आधी वाचून जावे.

कपडे कोणते घालावेत? साडी चालेल का?

चालेल, नव्हे शोभेल. साल्झबुर्गच्या मोठ्या प्रयोगांना स्थानिक लोक काळा सूट, लांब झगा किंवा आपला पारंपरिक डिर्न्डल (बायकांचा झगा) आणि लेदरहोजन (पुरुषांची चामडी विजार) घालून येतात. त्या गर्दीत पैठणी किंवा बंडी-कुर्ता अगदी समारंभाला साजेसा दिसतो. फक्त पावसाचा विचार करावा. साल्झबुर्गच्या पावसाला स्थानिक बोलीत ‘श्न्यूर्लरेगन’, म्हणजे दोऱ्यांसारखा पडणारा पाऊस, असे नाव आहे. आपल्याकडील कोसळणाऱ्या सरींची सवय असलेल्यांना तो पाऊस वाटणारच नाही, परंतु ती पिरपिर दिवसभर थांबत नाही आणि ऑगस्टमध्येही संध्याकाळी शालीची गरज भासते.

टाळ्यांबाबतही सांगायला हवे. सवाई गंधर्व महोत्सवात जागेवर बसून ‘क्या बात है’ म्हणणारा श्रोता तिथे अडचणीत येतो, कारण सिंफनीच्या दोन भागांमधील शांतता ही संगीताचाच भाग मानली जाते आणि सर्व भाग संपल्यावरच दाद द्यायची असते. ऑपेरात मात्र एखादे गाणे रंगले की मध्येच टाळ्या पडतात. शंका असेल तेव्हा शेजाऱ्याच्या हातांकडे पाहावे.

ब्रेगेंझला पाऊस आला तर प्रयोग रद्द होतो का?

ब्रेगेंझ हे गाव बोडेनझे या सरोवराच्या काठी, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमांजवळ आहे. 1946 मध्ये युद्धानंतर गावात धड नाट्यगृह नव्हते, म्हणून पाण्यात नांगरलेल्या दोन पडावांवर पहिला प्रयोग झाला. आज तिथे पाण्यातच उभारलेला प्रचंड रंगमंच आणि काठावर सुमारे 7,000 प्रेक्षकांची आसने आहेत. एक नेपथ्य दोन उन्हाळे राहते. वाद्यवृंद मात्र पाण्यावर नसतो; व्हिएन्ना सिंफनी हा वाद्यवृंद शेजारच्या इमारतीत बसून वाजवतो आणि ध्वनियंत्रणेतून ते संगीत बाहेर येते. हलक्या पावसात प्रयोग थांबत नाही. छत्री उघडता येत नाही, कारण मागच्यांना दिसत नाही. त्यामुळे रेनकोट आणि बसायला प्लास्टिकचा तुकडा जवळ ठेवावा. पाऊस फारच वाढला तर प्रयोग आत हलवतात, मात्र आतील जागा कमी असल्याने ठरावीक दराच्या तिकीटधारकांनाच तिथे प्रवेश मिळतो. तिकीट घेताना ही अट वाचावी. पाऊस नसला तर सूर्य मावळता मावळता प्रयोग सुरू होतो आणि पहिल्या अंकात सरोवराचा रंग डोळ्यांदेखत बदलत जातो.

तरुण मुलांना शास्त्रीय संगीतात रस नाही. त्यांच्यासाठी काय आहे?

डोनाउइन्झेलफेस्ट. डॅन्यूब नदीचा पूर अडवण्यासाठी खोदलेल्या नव्या पात्राच्या मातीतून व्हिएन्नात सुमारे 21 किलोमीटर लांबीचे बेट तयार झाले, आणि त्यावर 1984 पासून दर उन्हाळ्यात, बहुधा जूनच्या अखेरीस, तीन दिवसांचा खुला महोत्सव भरतो. रॉक, पॉप, हिपहॉप, स्थानिक बोलीतील गाणी असे सर्व काही अनेक मंचांवर एकाच वेळी चालू असते. प्रवेश मोफत आहे आणि मेट्रो थेट बेटावर उतरवते.

व्हिएन्नातील नववर्षाच्या मैफलीचे तिकीट कसे मिळते?

सोडतीने. 1 जानेवारीच्या या मैफलीसाठी आधीच्या वर्षाच्या सुरुवातीला व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावे लागते, आणि नाव लागेलच याची काहीच शाश्वती नसते. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता अठराव्या वर्षी, 1954 मध्ये, व्हिएन्नाला शिकायला गेले आणि पुढे 1990, 1995, 1998, 2007 आणि 2015 अशी पाच वेळा त्यांनी ही मैफल संचालित केली. ज्या म्युझिकफेरआइनच्या सोनेरी सभागृहात ती होते, तिथे वर्षभर इतर मैफलीही असतात. सभागृह तेच, नाद तोच; तेव्हा केवळ 1 जानेवारीचा हट्ट धरू नये.

व्हिएन्नाला बहुसांस्कृतिक शहर का म्हणतात? तिथे तर सगळे राजवाडेच दिसतात.

राजवाड्यांमुळेच. हाब्सबुर्ग घराण्याच्या राज्यात जर्मन, झेक, हंगेरियन, पोलिश, क्रोएशियन, इटालियन, ज्यू असे अनेक समाज होते आणि राजधानीकडे या सर्वांचा ओघ असे. झेक आडनावे व्हिएन्नात आजही पावलोपावली दिसतात. बोस्निया साम्राज्यात आल्यानंतर, 1912 मध्येच, तेथील मुस्लिमांच्या धर्माला कायद्याने मान्यता देण्यात आली. 1938 मध्ये नाझींची सत्ता आल्यानंतर शहरातील ज्यू समाजाला हाकलून लावण्यात आले, हजारोंना मारण्यात आले, आणि त्या जखमेची खूण लेओपोल्डश्टाट भागातील पदपथांत बसवलेल्या पितळी स्मृतिफलकांवर दिसते. पुढे कामगारांची टंचाई भासू लागली तेव्हा 1964 मध्ये तुर्कस्तानशी आणि 1966 मध्ये युगोस्लाव्हियाशी करार झाले. पाहुणे कामगार म्हणून आलेली ती माणसे राहिली, त्यांची नातवंडे आता व्हिएन्नाची बोली बोलतात. शहराची लोकसंख्या 20 लाखांवर गेली असून दर दहांपैकी जवळजवळ चार जण परदेशात जन्मलेले आहेत.

हे पाहायचे तर नाशमार्क्ट या प्रसिद्ध बाजारापेक्षा ओटाक्रिंग भागातील ब्रुननमार्क्ट या बाजारात जावे. नाशमार्क्ट आता निम्मा पर्यटकांचा झाला आहे. ब्रुननमार्क्टमध्ये मात्र शनिवारी सकाळी गाड्यांवर वांगी, कोथिंबिरीच्या जुड्या आणि डाळिंबे यांचे ढीग असतात, विक्रेता एका गिऱ्हाइकाशी तुर्कीत, दुसऱ्याशी सर्बियनमध्ये आणि तिसऱ्याशी जर्मनमध्ये बोलतो, आणि दुपारी बाजार उठायच्या वेळी भाव उतरतात तेव्हाची आरडाओरड ऐकून आपण मंडईतच आहोत असे वाटते. तिथून चार पावलांवर यिपेनप्लाट्स चौकात कॉफी प्यावी. व्हिएन्नाच्या पहिल्या परवानाधारक कॉफीघराचा मालकही 1685 मध्ये एक आर्मेनियनच होता. म्हणजे शहराची ओळख मानली जाणारी गोष्टही बाहेरूनच आलेली आहे.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

शहरात मुळीच नाही, डोंगरात थोडे. केझश्पेट्सले (चीज घातलेल्या पिठाच्या शेवया), कायझरश्मार्न (तुकडे केलेला गोड पॅनकेक), खसखस आणि लोणी घातलेला वाफवलेला गेर्मक्न्योडल हा पिठाचा गोळा हे पदार्थ सर्वत्र मिळतात. सुपाबाबत मात्र सावध राहावे. टिरोलमधील एका खाणावळीत मी शाकाहारी सूप मागितले, त्यात मांसाचा तुकडा नव्हता, पण ते बीफच्या रश्श्यात केलेले होते. वाढणाऱ्या बाईंच्या दृष्टीने तुकडा नाही म्हणजे ते शाकाहारी. तेव्हापासून मी ‘रस्सा कशाचा?’ एवढेच विचारतो. वरच्या तिन्ही पदार्थांत अंडे किंवा प्राणिज घटक असू शकतात, हे कडक पथ्य पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून फळे, दही, ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवावे. पाणी विकत घेऊ नये. व्हिएन्नाच्या नळाला 1873 पासून आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी येते.

पंचेचाळिशीत स्कीइंग शिकता येते का?

येते, मात्र तीन दिवसांची सलग शिकवणी घ्यावी आणि पहिल्या दिवशी फार अपेक्षा ठेवू नये. पहिला तासभर केवळ कडक बुटांत चालणे आणि पडल्यावर उठणे यातच जातो. मग सरकत्या पट्ट्यावर उभे राहून जेमतेम घराच्या जिन्याइतक्या उंचीवर जायचे आणि घसरत खाली यायचे. शिक्षक लहान मुलांना ‘पिझ्झा’ आणि ‘पोमेस’ असे शब्द शिकवतात: स्कीची टोके एकत्र आणून पिझ्झाच्या तुकड्यासारखा त्रिकोण केला की वेग कमी होतो, आणि स्की तळलेल्या बटाट्यांसारख्या समांतर ठेवल्या की वेग वाढतो. मोठ्यांनाही तेच शब्द पुरतात. माझ्या वर्गातील पाच वर्षांची मुले दुसऱ्या दिवशी आम्हाला मागे टाकून गेली, त्याचे दुःख करू नये. उतारांना रंग असतात. निळा सोपा, तांबडा मध्यम आणि काळा अवघड. तीन दिवसांत निळा उतार न पडता उतरता आला तर शिकवणी सार्थकी लागली असे समजावे. आपल्याकडे आकाशातून पडणाऱ्या भुरभुरीत हिमाला आणि फ्रीजमधल्या खड्याला बर्फ हा एकच शब्द चालतो, पण पहाटे घट्ट झालेल्या उतारावर आणि दुपारी मऊ पडलेल्या उतारावर एकाच दिवशी पडल्यावर दोन शब्द का हवेत, ते अंगाला कळते.

कोणत्या गावी जावे?

आधुनिक स्कीशिक्षणाची पाळेमुळे आर्लबर्ग भागात आहेत. हानेस श्नायडर यांनी संक्ट आन्टोन येथे विकसित केलेली पद्धत जगभर पसरली, आणि तिथला स्कीसंघ 1901 चा आहे. तिथे एकमेकांना जोडलेले सुमारे 300 किलोमीटरचे उतार आहेत, मात्र ते गाव अनुभवी लोकांचे आहे; नवशिक्याने तिथे शिकण्याचा हट्ट धरू नये. किट्सब्यूल हे गाव जानेवारीतील हानेनकाम या स्की-शर्यतीसाठी पाहावे. तिथला ‘श्ट्राइफ’ हा उतार काही ठिकाणी इतका तीव्र आहे की, शर्यत नसताना कडेला उभे राहून खाली पाहिले तरी पुरे होते. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी मी इन्सब्रुक सुचवेन. हे 1964 आणि 1976 च्या हिवाळी ऑलिंपिकचे शहर आहे, आसपासच्या लहान गावांत नवशिक्यांसाठी सौम्य उतार आहेत, आणि ज्याला कंटाळा येईल त्याला परतायला अख्खे शहर आहे. 1964 मध्ये हिम इतके कमी पडले की, सैनिकांनी ते डोंगरावरून आणून शर्यतीच्या मार्गांवर पसरले. आजही कमी उंचीच्या गावी डिसेंबरच्या आरंभी हिमाची खात्री नसते. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा सर्वांत बरा, कारण नाताळची गर्दी ओसरलेली असते आणि फेब्रुवारीतील शाळांच्या सुट्ट्या सुरू व्हायच्या असतात.

खर्च आणि विमा यांचे काय?

मोठ्या स्की-क्षेत्रांत लिफ्टचा (उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यांचा) दिवसाचा पास 70 युरोंच्या पुढे जातो. नवशिक्याला पहिले दोन दिवस त्याची गरज नसते, सरावाच्या उतारापुरता पास घ्यावा. स्की, बूट, हेल्मेट भाड्याने मिळते. कपडे विकत घेण्याऐवजी ओळखीच्यांकडून मागून घ्यावेत. जीन्स मात्र मुळीच नको, ती भिजते आणि थिजते. विम्याबाबत काटेकोर राहावे. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे संरक्षण लागते, परंतु अनेक साध्या पॉलिसींत हिवाळी खेळ वगळलेले असतात, आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचे बिल हजारो युरोंचे होते.

गावोगाव फिरायला गाडी लागते का?

लागत नाही. व्हिएन्नाहून साल्झबुर्ग रेल्वेने सुमारे अडीच तास, इन्सब्रुक सव्वाचार तास. संक्ट आन्टोनचे स्थानक तर गावातच आहे आणि लिफ्टपर्यंत चालत जाता येते. तिकीट आधी घेतल्यास निम्म्याहून कमी दरात मिळते.

आईवडील स्की करणार नाहीत. त्यांनी दिवसभर काय करावे?

त्यांना इन्सब्रुकच्या नोर्डकेटे या डोंगररांगेवर न्यावे. शहराच्या मध्यातून वास्तुविशारद झाहा हदीद यांनी आखलेल्या स्थानकावरून गाडी निघते, मग दोन केबल कार, आणि सुमारे अर्ध्या तासात माणूस 2,000 मीटरच्या वर पोहोचतो. वर बाकांवर ऊन खात बसायची सोय आहे. अनेक गावांत चालणाऱ्यांसाठी हिम दाबून तयार केलेल्या वाटा आणि लाकडी घसरगाडीचे मार्ग असतात. साल्झबुर्ग प्रांतातील बादगास्टाइन हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे. सुभाषचंद्र बोस यांनी 1937 च्या डिसेंबरमध्ये तिथेच मुक्काम करून आपल्या आत्मचरित्राचा मोठा भाग लिहिला. मुले वर डोंगरावर असताना आजी-आजोबांनी गरम पाण्यात बसावे, आणि संध्याकाळी गावाच्या मधोमध कोसळणाऱ्या धबधब्याजवळच्या पुलावर सर्वांनी भेटावे, अशी व्यवस्था आमच्या घरी सर्वांना मानवली.